पुरानंतर कुठे राहायचं? चिपळूणच्या एका घराचा निर्णय

पूर ओसरून तीन आठवडे झाले होते. २०२१ चा ऑगस्ट. बाजारपेठेतले एक भुसारी दुकानदार फोनवर म्हणाले, "जरा घर बघायला येता का? पाडायचं, विकायचं की डागडुजी करायची, आमचं काही ठरत नाही." मी आर्किटेक्ट आहे, चिपळुणातच वाढलो आणि इथेच काम करतो. त्या महिन्यात असे फोन रोज येत होते. बहुतेकांना खर्चाचा आकडा हवा असायचा. या घराला मात्र आकड्याच्या आधी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: या गावात राहायचं का?

पुढची तीन वर्षं मी या घराशी जोडलेला राहिलो. त्यांना विचारूनच हे लिहितोय, फक्त नावं आणि आळी गाळली आहे. दुकानदारांना सगळे अण्णा म्हणतात, तेव्हा वय ५४. त्यांची आई ७८ वर्षांची, सगळ्या आळीची आजी. अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. आणि एकुलती लेक पुण्याला, हिंजवडीत नोकरी, वाकडला कर्ज काढून घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट.

घर आणि पाणी

घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू, गावातून वाहत वाशिष्ठीला मिळणाऱ्या शिवनदीपासून चार-पाच मिनिटांवर. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि आजीची खोली, वर लाकडी माडी. दुकानाच्या दाराशी दोन खुणा आहेत. खालची २६ जुलै २००५ ची, साडेपाच फुटांवर. वरची २२ जुलै २०२१ ची. ती दाराच्या चौकटीत मावली नाही, वर भिंतीवर काढावी लागली. जमिनीपासून साडेनऊ फूट. माडीच्या तुळया भिजल्या होत्या आणि त्या तुळयांच्या वर हे तिघं एक दिवस आणि एक रात्र बसून होते. त्याच दिवशी एस.टी.च्या आगारातले कर्मचारी रोकड सांभाळत बसच्या टपावर बसले होते, ते पुढे सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. घराघरांतल्या माड्यांवर काय चाललं होतं, ते ज्याचं त्याला माहीत.

चिपळूणला पूर का येतो हे इथल्या पोराटोरांनाही सांगता येतं. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते आणि दाभोळला समुद्राला मिळते. डोंगर संपून भरतीचं पाणी जिथवर पोचतं, त्या सपाटीवर गाव वसलंय. गलबतं खाडीतून गोवळकोट बंदरापर्यंत यायची, माल उतरायचा आणि कुंभार्ली घाटाने देशावर जायचा. बाजार पाण्याजवळ बसला तो त्यामुळे. शिवाय पोफळी-अलोरेच्या वीजघरांतून आलेलं कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, म्हणून नदी मे महिन्यातही आटत नाही. एरवी हे भाग्यच. २१ जुलैच्या रात्री घाटात पाऊस कोसळत होता, नदीचं पात्र वर्षानुवर्षांच्या गाळाने उथळ झालं होतं आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आल्याने समुद्राला उधाण होतं. वरून येणारं पाणी खाली जाईना. ते शिवनदीत मागे फिरलं आणि बाजारपेठेत शिरलं.

मी गेलो तेव्हा दुकानात फळ्यांच्या जागी फुगून पानापानांनी सुटलेलं प्लायवुड होतं. आंबलेला तांदूळ, गूळ, रॉकेल आणि गाळ, या सगळ्यांचा मिळून एक वास होता. ज्यांनी तो घेतलाय त्यांना तो अजून झोपेत येतो. आजी माडीवर बसून उधारीच्या वह्या वाळवत होत्या. एकेक पान सुटं करायचं, त्यावर चपटा खडा ठेवायचा, सुकलं की पुढचं. पहिल्या दोन वह्यांची शाई पार धुऊन गेली होती. मी विचारलं, "आजी, आता यातलं काय कळणार?" त्या म्हणाल्या, "मला नाही कळलं तर काय झालं? ज्याचं त्याला ठाऊक आहे." तेवढ्या अर्ध्या तासात दोन माणसं खालून हाक मारून गेली. एकाने सांगितलं, माझे साडेतीनशे होते, लिहून ठेवा. दुसरी बाई म्हणाली, माझे किती ते नक्की आठवत नाही, सहाशे धरा. त्या दोघांच्याही घरात पाणी होतं.

घरातल्या चौघांचं म्हणणं

लेकीचं म्हणणं स्पष्ट होतं: सगळ्यांनी पुण्याला यायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने राहण्यायोग्य शहरांची यादी जाहीर केली होती. १११ शहरं, त्यांत दहा लाखांवर वस्तीच्या शहरांमध्ये बेंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. तिने ती घरच्या ग्रुपवर तेव्हाच टाकली होती, आता पुन्हा टाकली. सुमारे ५५ हजार वस्तीचं चिपळूण त्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तिचं म्हणणं पोकळ नव्हतं. आजीच्या हृदयाला औषध चालू आहे, रात्री-अपरात्री काही झालं तर? आणि गाव सोडणारे आपण पहिले थोडेच? रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली. कोकणात घरटी एक तरी माणूस मुंबई-पुण्याला असतो, त्यात नवीन काही नाही.

अण्णांचा कल मधल्या वाटेकडे होता. हायवेपलीकडे चढावर नव्या इमारती झाल्या आहेत, तिथे पाणी कधीच चढणार नाही. तिथे फ्लॅट घ्यायचा आणि दुकानापुरतं खाली यायचं.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "२००५ ला लेक शाळेत होती. हा सगळा चिखल मी घमेल्याने काढला. आत्ताही काढला. कुठे राहायचं ते तुम्ही ठरवा, पण तिसऱ्यांदा मी चिखलाला हात लावणार नाही." पूर आला की घराचा सगळा भार कुणाच्या कमरेवर येतो, ते या एका वाक्यात होतं. पुढच्या सगळ्या कामात मी ते वाक्य समोर ठेवलं.

आजींना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचं काय ते गृहीत धरलं होतं: म्हातारं माणूस, जिथे नेऊ तिथे राहील.

दोन वह्या

घर वाळेपर्यंत तिथे राहणं शक्य नव्हतं. ऑगस्टअखेरीस आजी आणि वहिनी वाकडला गेल्या, अण्णा ये-जा करत राहिले. गणपतीला, पुरानंतर पन्नासाव्या दिवशी, सगळे दोन दिवस आले आणि माडीवरच दीड दिवसाचा गणपती करून परत गेले.

निघताना मी आजींकडे दोन शंभर पानी वह्या दिल्या. एकीत चिपळूणचा नेहमीचा एक आठवडा आठवून लिहायचा, दुसरीत वाकडचा एक आठवडा जसा घडेल तसा. घराबाहेर कितीदा पडलात, कुठे, किती वेळ, आणि एकट्या की कुणाबरोबर. आजींचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वाचन दांडगं आणि अक्षर मोत्यासारखं. दिवाळीत त्यांनी वह्या परत दिल्या.

चिपळूणच्या वहीतला एक दिवस जसाच्या तसा देतो.

"साडेसहा. दूध. फुलवालीशी बोलणं, तिच्या सुनेला दिवस गेलेत. सात. देऊळ. येताना डॉक्टरांच्या पायरीवर बसले, गुडघा. साडेदहा. मासळी बाजार, बोय महाग, कोळंबी घेतली, कोळणीने दोन जास्त घातली. वरच्या गावातल्या बाया टाकळा घेऊन बसल्या होत्या, दोन जुड्या. चार. वाचनालय, पुस्तक बदललं. साडेपाच. ओट्यावर. आळीतली पोरं शाळेतून आली, दोघांचा अभ्यास घेतला. आठ. अण्णा दुकान बंद करेपर्यंत गल्ल्यावर."

असे सात दिवस. बाहेर पडणं एकोणतीस वेळा, त्यांतलं सत्तावीस वेळा एकट्याने. सगळ्यांत लांबचा पल्ला बारा मिनिटांचा, तोही वाटेत तीन ठिकाणी बसायची सोय धरून.

वाकडची वही पातळ होती. सात दिवसांत सहा वेळा बाहेर. एकट्याने दोनदा, दोन्ही वेळा लिफ्टने खाली सोसायटीच्या देवळापर्यंत. बाकी चार वेळा गाडीतून, लेकीच्या सवडीने. एका पानावर एवढंच होतं: "आज कुठे जायचं नव्हतं."

मी पुण्याची बाजूही मांडतो, कारण वह्या पाहून एकदम भरून येणं सोपं आहे. वाकडला दहा मिनिटांत हृदयाचे डॉक्टर भेटले आणि त्यांनी आजींचं एक औषध बदललं. त्याचा गुण आला. चिपळुणातून मोठं काही झालं की डेरवणचं रुग्णालय गाठावं लागतं, किंवा घाट चढून कराड. नळाला पाणी होतं, वीज जात नव्हती. आणि वहिनी मला म्हणाल्या, "इथे पाऊस पडला तरी झोप लागते." सोळा वर्षं जी बाई दर जुलैत रात्री उठून दुकानाच्या दाराशी बॅटरी मारून बघते, तिला ही झोप काय मोलाची वाटत असेल, त्याचा विचार करा. घराचं सुख मोजायला बसलो तर मी हे आजीच्या एकोणतीस फेऱ्यांच्या बरोबरीने मोजेन.

नोव्हेंबरात आजी आठ दिवसांसाठी आल्या तेव्हा आम्ही तिघं चढावरचा फ्लॅट बघायला गेलो. फ्लॅट छान होता. हवेशीर, कोरडा, खिडकीतून परशुरामाचा डोंगर. दूध खालच्या वळणावर, सव्वा किलोमीटर. येताना चढ. पदपथ नाही. भाजी, औषध, देऊळ, वाचनालय, सगळं हायवेच्या अलीकडे, आणि हायवेचं रुंदीकरण चालू. आजींना म्हटलं, एकदा ओलांडून बघा. त्या कडेला उभ्या राहिल्या. ट्रक, डंपर, एस.टी., मोटारसायकली. मी घड्याळ लावलं होतं. सात मिनिटांनी त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "चल, रिक्षा बघ." अण्णांनी फ्लॅटचा विषय त्यानंतर काढला नाही.

मला यातून काय दिसलं

शहर राहायला चांगलं की वाईट हे ठरवायला सरकारी यादीत राहणीमान, आर्थिक क्षमता, टिकाऊपणा असे भाग आहेत, नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन आहे. ते सगळं हवंच. पण वीस वर्षं घरं बांधून माझं एक मत झालंय आणि या घराने ते पक्कं केलं: ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याचा दिवस कुणाला न विचारता पार पडतो का, हे आधी बघावं. म्हातारी माणसं आणि नऊ-दहा वर्षांची मुलं. ज्या गावात ही दोन वयं एकटी फिरतात, तिथे मधल्या वयाच्या माणसांचा निम्मा ताण आपोआप उतरतो. अण्णांना आईला देवळात सोडायला दुकान बंद करावं लागत नव्हतं. वाकडला लेक मीटिंगमधून उठून आजीला न्यायची. तिचं प्रेम कमी नव्हतं. तिथले रस्तेच असे आहेत की प्रत्येक गोष्टीला कुणीतरी न्यावं लागतं.

चिपळूणच्या बाजारपेठेला हे कुणी आखून दिलेलं नाही. जमीन सपाट. खाली दुकान वर बिऱ्हाड, त्यामुळे दिवसभर कुणीतरी जागं. आळ्या अरुंद, गाडी हाकायची तरी हळू. प्रत्येक घराला ओटा, म्हणजे थकलं की टेकायला जागा. आणि वाचनालय. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून आहे. दोन्ही पुरांत पाणी त्याच्या पुस्तकांत शिरलं आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उघडलं. मधल्या काळात, २०१३ च्या जानेवारीत, याच वाचनालयाने ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. एवढ्याशा गावात हे होतं ते आजींसारखी पुस्तक बदलायला जाणारी माणसं असतात म्हणून.

आता अडचण अशी की हे सगळं जिथे आहे तिथेच पाणी येतं. सपाटी, नदीचं सान्निध्य, दाट वस्ती: सुखाची कारणं तीच आणि पुराचीही तीच. चढावर सुरक्षितता आहे, पण तिथे नुसत्या इमारती आहेत, गाव नाही. "नदीकाठी राहता कशाला?" असं बाहेरून विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. आणि पूर ओसरला की "चिपळूणकर पुन्हा उभा राहिला" म्हणून जे कौतुक होतं, त्याचाही मला तितकाच त्रास होतो. उभं राहायला गाळ उपसावा लागतो, तो वहिनींसारख्या बायका उपसतात, आणि कौतुक झाल्यावर नदीतला गाळ तसाच राहतो.

या वेळी तो तसाच राहू द्यायचा नाही म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये गाव साखळी उपोषणाला बसलं. अण्णाही दुकानाची डागडुजी सोडून जाऊन बसले. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतून गाळ निघायला लागला. एका घराच्या दुरुस्तीने पूर थांबत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने तो मंडपही याच प्रकरणाचा भाग आहे.

दुरुस्ती

जानेवारीत ठरलं: राहायचं. पण वहिनींच्या अटींवर. अटी त्यांनी कागदावर लिहून दिल्या. खालच्या मजल्यावर कुणी झोपायचं नाही. स्वयंपाकघर वर. फ्रिज, कपाटं, कागदपत्रं वर. १५ जूनपासून नवरात्रापर्यंत दुकानात आठ दिवसांपेक्षा जास्त माल भरायचा नाही. आणि पाणी आलंच तर खालचा मजला पाइपने धुऊन एका दिवसात मोकळा झाला पाहिजे.

पाडून नवं बांधणं आम्ही बाजूला ठेवलं. नदीला पूररेषा असतात, निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नवं बांधकाम म्हटलं की जोतं लाल रेषेच्या पातळीवर न्यायचं. या आळीत तसं केलं तर दुकान रस्त्यापासून पुरुषभर उंच जातं, आजींचा ओटा जातो, गिऱ्हाईक जातं. आणि चिऱ्याच्या त्या भिंती शाबूत होत्या. दोन पूर झेलून एकही भिंत कलली नव्हती.

खरी डोकेदुखी ओलीची होती. जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन बसतो. २००५ नंतर कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा केला होता, त्यामुळे ओल आतच कोंडून राहिली होती आणि खोल्यांना कायम कुबट वास होता. आम्ही तो सगळा गिलावा दहा फुटांपर्यंत खरवडून काढला आणि भिंती मेपर्यंत उघड्या ठेवल्या. वाळल्यावर चुन्याचा गिलावा. त्यातही माझी चूक झाली: मागच्या भिंतीला ऊन लागत नाही, ती पुरती वाळली नव्हती, मी घाई केली. पहिल्याच पावसाळ्यात तिथला चुना पोपडे धरून पडला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा केला.

खालचा मजला आता असा आहे की पाणी आलं तरी खराब व्हायला फार काही नाही. जमिनीला आणि चार फुटांपर्यंत भिंतीला कडप्पा, फळ्यांऐवजी लोखंडी मांडण्या, वायरिंग वरून खाली उतरलेलं, मीटर आणि मेन स्विच माडीच्या जिन्यात. जमिनीला मागच्या दाराकडे उतार दिला, म्हणजे धुतलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. माडीच्या मागच्या कोपऱ्यात कौलांवर उघडणारी खिडकी केली, शिडी लावता येईल एवढी. पाणी माडीवरही चढलं तर बाहेर पडायला वाट हवी.

सगळ्यांत जास्त विचार झडपेवर झाला. दुकानाच्या मधोमध, माडीच्या तक्तपोशीत अडीच फुटी चौरस झडप आणि तिच्यावर तुळईला कप्पी. तांदळाचे कट्टे, तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा दोरीने वर जातात. पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा सगळा माल चढवायला पावणेचार तास लागले. अण्णा घामाघूम झाले आणि म्हणाले, याला काही अर्थ नाही. मग वहिनींनी मालाची मांडणीच बदलली: जे जड आणि भिजून वाया जाणारं, ते झडपेखाली. मीठ, साबण, झाडू, प्लास्टिकच्या बादल्या कडेला. आता आळीतली दोन पोरं हाताशी असली तर सव्वा तासात होतं. एक त्रास राहिला, लाल मिरचीची पोती उघडली की खकाणा झडपेतून वर जातो आणि माडीवर सगळे शिंकतात. झडपेला रबराची पट्टी लावली, थोडा फरक पडला.

सगळा खर्च चढावरच्या फ्लॅटच्या निम्म्याच्या आत झाला. आजी आणि वहिनी मेअखेरीस राहायला आल्या. आजींची खोली वर गेली, जिना त्यांना जड जातो. जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा आणि मध्ये एक बसायची पायरी केली. फेऱ्या एकोणतीसवरून बावीसवर आल्या आहेत. हे नुकसान मी लपवत नाही. औषधांचं मात्र आता नीट आहे: दर सहा महिन्यांनी त्या लेकीकडे पंधरा दिवस जातात, तपासणी करून येतात.

लेकीला हा निर्णय अजून पटलेला नाही. ती म्हणते, "तुम्ही गाव वाचवताय, मला माझी माणसं वाचवायची आहेत." मी तिच्याशी वाद घालत नाही. जुलैत ती रोज रात्री पावसाचा इशारा बघते, तोही या निर्णयाचा खर्च आहे आणि तो माझ्या अंदाजपत्रकात नव्हता.

माझ्या अंदाजपत्रकात नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे शेजार. आळीत बारा घरं. पुरानंतर त्यांतली तीन बंद झाली. एक कुटुंब ठाण्याला, एक पुण्याला, एका घरातले दोघं वारले आणि मुलं परदेशी. बंद घरासमोरचा ओटा रिकामा, संध्याकाळी त्या टप्प्यात अंधार. आजी तिथून जाताना पाय उचलतात. ज्या गोष्टीसाठी हे घर इथे राहिलं ती गोष्ट त्याच्या भिंतींच्या आत नाहीच, ती बाकीच्या अकरा घरांत आहे. मी कितीही चांगली झडप केली तरी समोरच्या घराला कुलूप लागू नये याची सोय मला करता येत नाही.

नंतरच्या एका जुलैत रात्री नदी वाढल्याचा भोंगा झाला. साडेअकराला अण्णांनी झडप उघडली. पोरं आली, कप्पी फिरायला लागली. एकच्या आत माल वर. आजी खाटेवर बसून कट्टे मोजत होत्या. वहिनींनी सगळ्यांना चहा केला, वरच्याच ओट्यावर. पाणी आळीच्या तोंडापर्यंत आलं, तिथे तासभर थबकलं आणि पहाटे मागे गेलं. दुकानाला टेकलंही नाही.

सकाळी आठला मला वहिनींचा फोन. मला वाटलं, आता म्हणणार की झालं तेवढं पुरे. त्या म्हणाल्या, "दुपारी एखादा माणूस पाठवाल का, कट्टे उतरवायचेत. आणि हो, समोरचं बंद घर ते लोक भाड्याने द्यायचं म्हणतायत. लहान मुलं असलेलं कुणी चांगलं बिऱ्हाड असेल तुमच्या ओळखीत तर सांगा. मी दाखवते घर."